मोझांबिकची वाढ गेली कुठे?

मोझांबिकमध्ये १९९६-९७ साली पहिल्यांदा देशभर घरोघरी जाऊन खर्चाची पाहणी झाली. शंभरातली ६९ माणसं दारिद्र्यरेषेखाली निघाली. २००२-०३ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तोवर हा आकडा ५४.१ टक्क्यांवर आला होता. जागतिक बँक, नाणेनिधी, देणगीदार देश, सगळे खूश. मग आली २००८-०९ ची पाहणी. मधल्या काळात देशाचं सकल उत्पादन दरसाल सात टक्क्यांच्या आसपास वाढत राहिलं होतं आणि जगातल्या वेगवान अर्थव्यवस्थांमध्ये मोझांबिकचं नाव घेतलं जात होतं. गरिबीचा आकडा आला ५४.७ टक्के. होता तिथेच, झालाच तर किंचित वर.

देश तोच, सरकार त्याच फ्रेलिमो पक्षाचं, वाढीचा वेगही साधारण तोच. मग आधीच्या सहा वर्षांत जे साधलं ते नंतरच्या सहा वर्षांत का साधलं नाही? आफ्रिकेतल्या वाढीवर, रोजगारावर आणि गरिबीवर जाडजूड अहवाल निघत असतात, त्यांतला अर्धाअधिक वाद या एका प्रश्नात सामावतो. म्हणून अख्खा खंड सोडून एकाच देशाकडे नीट पाहू. तसाही हा देश आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. १७५२ पर्यंत तिथला पोर्तुगीज कारभार गोव्यातून चालायचा, आणि तिथल्या शेतातला माल आजही आपल्या स्वयंपाकघरात येतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आधी पहिली सहा वर्षं. १९७७ ते १९९२ मोझांबिकमध्ये यादवी चालू होती. रस्ते, शाळा, दुकानं उद्ध्वस्त झाली, शेतांत सुरुंग पेरले गेले. ऑक्टोबर १९९२ मध्ये रोममध्ये तह झाला आणि मलावी, झिंबाब्वे अशा शेजारी देशांत पळालेले सुमारे १७ लाख लोक परतू लागले. देशातल्या देशात विस्थापित झालेले त्याहून जास्त होते. ही माणसं परतली ती थेट आपापल्या मशांबावर. तिथे शेताच्या तुकड्याला मशांबा म्हणतात. बहुतेकांकडे दोन हेक्टरांच्या आतच जमीन, अवजार म्हणजे कुदळ, पिकं म्हणजे मका आणि कसावा (आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो). पडीक जमीन पुन्हा कसली गेली, रस्ते उघडले, व्यापाऱ्यांचे ट्रक गावात पोचू लागले. देशाचं उत्पादन वाढलं, आणि ते वाढवणारे हात गरिबांचेच होते. वाढ आणि गरिबीतली घट यांच्यामध्ये काही अंतरच नव्हतं.

पण अशा वाढीला मर्यादा असते. सोडलेलं शेत एकदाच परत मिळतं. त्यानंतर पुढे जायचं तर बियाणं, खत, पाणी, गोदाम, रस्ता यांपैकी काहीतरी बदलावं लागतं. मोझांबिकमध्ये ते बदललं नाही. २००० नंतरच्या दशकातल्या शेतीपाहण्यांत शंभरात पाच शेतकरीही रासायनिक खत वापरताना दिसत नाहीत. कुदळ तीच आणि बियाणंही घरचंच राहिलं. तरीही देशाचा वाढीचा आकडा खाली येत नव्हता, कारण आता तो दुसरीकडून येऊ लागला होता.

राजधानी मापुतोच्या बाहेर २००० साली मोझाल नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. दोन टप्प्यांत मिळून दोनशे कोटी डॉलरपेक्षा जास्त गुंतवणूक, मुख्य मालक बीएचपी बिलिटन, सोबत जपानची मित्सुबिशी. अ‍ॅल्युमिना, म्हणजे ज्यापासून धातू काढतात ते ऑक्साइड, ऑस्ट्रेलियाहून जहाजाने येणार, वीज दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम कंपनीकडून, तयार धातू युरोपला. काही वर्षांतच देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा या एका कारखान्याचा झाला. आणि कायम नोकऱ्या? अकराशेच्या आसपास. भागाकार केला तर एका नोकरीमागे अठरा लाख डॉलरच्या वर भांडवल पडतं.

यात कोणाची लबाडी नाही. अ‍ॅल्युमिनियम बनवणं म्हणजे मुळात प्रचंड वीज ओतून ऑक्साइडपासून धातू सुटा करणं. तिथे काम वीज करते, माणूस फक्त लक्ष ठेवतो. कारखान्याला खास सवलतीच्या क्षेत्राचा दर्जा होता, त्यामुळे आयकराऐवजी विक्रीवर एक टक्का एवढाच कर पडायचा. नफा भागधारकांच्या देशात जायचा. सकल देशांतर्गत उत्पादन मोजताना मात्र कारखान्यात झालेली सगळी मूल्यवाढ मोझांबिकच्या खात्यात पडते, कारण तो आकडा फक्त सीमेच्या आत काय बनलं ते विचारतो. ते कोणाच्या खिशात गेलं हे तो विचारतच नाही. जिल्ह्यात साखर कारखाना निघाला की ऊसतोडणी, वाहतूक, हॉटेलं, ट्रॅक्टरची कर्जं असा पसारा आजूबाजूला वाढतो. मोझालभोवती तसं फारसं काही वाढणं शक्य नव्हतं, कारण त्याचा कच्चा मालच समुद्रापलीकडून यायचा. पुढे टेटे प्रांतातल्या कोळशाचीही गत साधारण हीच झाली.

इथे बेरोजगारीच्या आकड्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तो आफ्रिकेच्या बाबतीत सर्वात जास्त फसवतो. गरीब देशात बेरोजगार राहणं परवडत नाही. ज्याच्या घरात पगार येतो तोच सहा महिने मनासारखी नोकरी शोधत बसू शकतो. बाकीचे सकाळी उठून काहीतरी विकायला बसतात. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार आठवड्यातून एक तास जरी पैशासाठी काम केलं तरी तो माणूस कामावर धरला जातो. नायजेरियाने काय केलं पाहा. २०२० च्या अखेरीस तिथला अधिकृत बेरोजगारी दर होता ३३.३ टक्के. तेव्हाची व्याख्या आठवड्याला किमान वीस तासांची होती. मग मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय केली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीचा दर आला ४.१ टक्के. लागोसच्या रस्त्यावर त्याने काहीएक फरक पडलेला नव्हता.

म्हणून प्रश्न काम आहे की नाही हा नसतोच, कामातून सुटतं किती हा असतो. मोझांबिकमध्ये जवळपास सत्तर टक्के कामकरी शेतीत आहेत आणि ते मिळून देशाच्या उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा काढतात. म्हणजे बहुसंख्य लोक अशा कामात आहेत जिथे तासाची मिळकत सर्वात कमी. शहरात आलेला तरुण चापामध्ये, म्हणजे तिथल्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, कंडक्टर होतो, नाहीतर फूटपाथवर मोबाइलचं रिचार्ज विकतो. दरवर्षी सुमारे पाच लाख तरुण नव्याने कामाच्या वयात येतात. त्यांच्यापुढे मोझालच्या अकराशे नोकऱ्या ठेवून पाहा. सप्टेंबर २०१० मध्ये मापुतोत पाव महागला म्हणून दंगल झाली आणि दहाहून अधिक माणसं मेली. त्या वर्षीही वाढीचा आकडा उत्तमच होता.

मग सरळ उत्तर सुचतं: ज्यात हात लागतात असे कारखाने काढा. मोझांबिककडे असा एक धंदा आधीपासून होता आणि त्याची कथा आपल्या कोकणाशी जोडलेली आहे.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं, गोव्यातही आणि मोझांबिकमध्येही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातल्या सर्वात मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता, वर्षाला दोन लाख टनांच्या वर बी निघायची. वेंगुर्ल्यात किंवा चंदगडला काजूचा कारखाना आतून पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको की यात केवढे हात लागतात. बी वाळवायची, वाफवायची, मग एकेक बी यंत्राच्या पात्यांत धरून हात-पाय दोन्ही चालवत फोडायची. टरफलातला तेलकट चीक कातडीला लागला की ती सोलवटून निघते, म्हणून बायका हाताला राख नाहीतर तेल चोळून बसतात. मग गर भट्टीत सुकवायचा, वरचं तांबूस साल काढायचं, अख्खा, पाकळी, तुकडा असं निवडायचं, आकाराप्रमाणे प्रत लावायची. साधारण चार-पाच किलो बीमागे एक किलो गर हाती येतो. बीपासून डब्यापर्यंतच्या त्या वाटेवर जी मजुरी आहे, तीच गरीब देशाला हवी असते.

स्वातंत्र्यानंतर मोझांबिकने कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली होती, कारखाने देशातच चालावेत म्हणून. युद्धात झाडं म्हातारी झाली, उत्पादन कोसळलं. १९९० च्या दशकात कारखाने खासगी मालकांना विकले गेले आणि त्याच सुमारास जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून सांगितलं की बंदीच्या जागी आलेला, कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवा. तर्क कागदावर बिनतोड होता. निर्यात अडवल्यामुळे बीला भाव मिळत नाही. भावाचा तोटा लाखो शेतकऱ्यांना होतो, फायदा मूठभर कारखानदारांना. निर्यात मोकळी करा, शेतकऱ्याला जास्त दाम मिळेल.

कर उतरला. बी भारतात येऊ लागली, मुख्यतः केरळात कोल्लमकडे. मोझांबिकचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि दहा हजारांच्या आसपास कामगार घरी बसले. यातल्या पुष्कळ बायका होत्या. आणि शेतकऱ्याचं काय झालं? मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरेन वेल्च या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला: काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला यातून वर्षाला फार तर ५.३० डॉलर जास्त मिळाले. उरलेला फायदा मधल्या व्यापाऱ्यांनी आणि परदेशी खरेदीदारांनी खाल्ला. गावात खरेदीला एकच व्यापारी येत असेल तर बंदरावरचा भाव वाढून मशांबावर काय पोचणार?

माझ्या मते या प्रकरणात बँकेचा तर्क चुकला नव्हता, तो अर्धवट होता. बाजार मोकळा केला की भाव वरून खाली झिरपतो हे गृहीत धरलं गेलं, आणि झिरपायला लागणारे रस्ते, स्पर्धक व्यापारी, गोदामं यांची कोणी चौकशी केली नाही. पण जुने कारखानेही काही गुणी बाळं नव्हती. अवाढव्य, महागड्या यंत्रांवर चालणारे, गर फोडून तुकडे करणारे. १९९९ मध्ये संसदेने कच्च्या बीच्या निर्यातीवर पुन्हा १८ ते २२ टक्के अधिभार लावला आणि नंतरच्या वर्षांत नांपुला प्रांतात लहान, हाताने फोडणारे, जवळपास आपल्यासारखेच कारखाने उभे राहिले. धंदा परतला, पण जुनी उंची आली नाही. आपल्याकडेही कोकणातल्या कारखान्यांत आफ्रिकेची बी येते, आणि ती आली की गावठी बीचा दर पडतो अशी बागायतदारांची तक्रार दर हंगामात ऐकू येते. म्हणजे तिकडची मजुरी इकडे येते आणि इकडचा भाव उतरतो. या साखळीत दोन्हीकडचा शेतकरी सारखाच नाराज असतो.

कारखाना निघाला तरी नोकरी चांगलीच असेल असंही नाही. इथिओपियाने २०१६ साली हवासा शहरात मोठं वस्त्रोद्योग संकुल उघडलं. ठाण्याशी नातं असलेल्या रेमंडच्या उपकंपनीनेही तिथे शिलाईचा कारखाना काढला. त्याआधी ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टीफन डर्कन या संशोधकांनी इथिओपियातल्या पाच कारखान्यांत एक प्रयोग केला होता. सुमारे हजार अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली, काहींना धंद्याचं जुजबी प्रशिक्षण आणि सुमारे ३०० डॉलर रोख, काहींना काहीच नाही. कारखान्यात लागलेल्यांपैकी चारातल्या तिघांनी वर्षाच्या आत काम सोडलं. पगार बाहेरच्या किरकोळ कामापेक्षा जास्त नव्हता आणि तब्येतीच्या तक्रारी वाढल्या होत्या. पैसे मिळालेल्यांची कमाई वर्षभरात सुमारे एक-तृतीयांशाने वाढली. पाच वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गट पुन्हा जवळपास एका पातळीवर. सोपा उपाय विकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल वाचायला द्यावा.

मग इथिओपियात गरिबी कमी झाली कशाने? २००० साली तिथे ४४ टक्के लोक राष्ट्रीय दारिद्र्यरेषेखाली होते, २०११ मध्ये ३० टक्के. जागतिक बँकेच्याच हिशेबाने यातला मोठा वाटा शेतीचा: शेती उत्पादन एक टक्का वाढलं की गरिबी ०.९ टक्क्याने घटली. सरकारने गावोगाव शेतीसल्लागार नेमले, खत-बियाणं पोचवलं, रस्ते बांधले, आणि २००५ पासून दुष्काळी भागांत कामाच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देणारी योजना चालवली. ती आपल्या रोजगार हमीच्या नात्यातली. मका आणि तेफ या तिथल्या बारीक धान्याचं एकरी उत्पादन वाढलं. मोझांबिकने नेमकं हेच केलं नव्हतं. गंमत अशी की शेतीवर अर्थसंकल्पाचा किमान दहा टक्के हिस्सा खर्च करण्याचं वचन आफ्रिकी देशांनी २००३ साली दिलं, ते मापुतोतच. बहुतेक देशांना ते सलग पाळता आलेलं नाही.

मोझांबिकची पुढची कथा आणखी कडू आहे. २०१४-१५ च्या पाहणीत गरिबी ४६.१ टक्क्यांवर आलेली दिसली. एप्रिल २०१६ मध्ये उघड झालं की सरकारी कंपन्यांच्या नावाने संसदेला अंधारात ठेवून शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्ज काढलं गेलं होतं. मासेमारी बोटींसाठी आधीच घेतलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं कर्ज धरून एकूण बोजा दोनशे कोटींच्या आसपास. नाणेनिधीने आणि देणगीदारांनी हात आखडले, मेटिकल हे चलन घसरलं, वाढ निम्म्यावर आली. २०१७ पासून उत्तरेकडच्या काबो डेलगाडोत सशस्त्र बंड, मार्च २०१९ मध्ये बैरा शहर झोडपणारं इदाई चक्रीवादळ, त्यावर कोरोना. २०१९-२० च्या पाहणीत दारिद्र्यरेषेखालचे पुन्हा साठ टक्क्यांच्या वर गेले. वीस वर्षांची कमाई पाच वर्षांत गेली, कारण रेषेच्या जेमतेम वर आलेल्या माणसाकडे एका वाईट हंगामापुरतीही साठवण नसते.

आता सगळ्यांची नजर गॅसवर आहे. काबो डेलगाडोसमोरच्या समुद्रात प्रचंड साठे आहेत, आणि त्यात ओएनजीसी विदेश, मुंबईची भारत पेट्रोलियम यांचाही हिस्सा आहे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचाही एके काळी होता, तो त्यांनी विकला. पहिली निर्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, कोरल सूल या तरंगत्या प्रकल्पातून. दक्षिण कोरियात बांधलेलं ते जहाज भर समुद्रात गॅस काढतं, तिथेच थंड करून द्रवरूप करतं आणि टँकरमध्ये भरतं. मोझांबिकच्या मातीला त्या गॅसचा स्पर्शही होत नाही. कर आणि हिश्शाचे पैसे सरकारला मिळतील, आणि कायद्याप्रमाणे पहिली १५ वर्षं त्यातले ४० टक्के राखीव निधीत, ६० टक्के अर्थसंकल्पात जातील. रोजगार यातून थेट निघणार नाही. त्या ६० टक्क्यांचं सरकार काय करेल त्यातून निघाला तर निघेल.

तोवर मशांबावरच्या माणसाला रोख पैसा देणारं एक पीक आहे तूर. झांबेझिया आणि नांपुला प्रांतांत ती लहान शेतकरी पिकवतात, स्वतः फारशी खात नाहीत, जवळपास सगळी भारतासाठी. लातूर-अकोल्याच्या डाळमिलवाल्यांना ती गजरी म्हणून ठाऊक आहे. टांझानियाची ती अरुषा, म्यानमारची ती लेमन. तिकडचा माल ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, आपला नवा माल यायच्या आत. २०१५ मध्ये तूरडाळ आपल्याकडे दोनशे रुपये किलोला भिडली, तेव्हा जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: आधी वर्षाला एक लाख टन, मग वाढवत दोन लाख टन तूर घेऊ. चांगला भाव पाहून तिकडे पेरा वाढला. आपल्याकडेही वाढला. २०१७ च्या सुरुवातीला मराठवाड्यात आणि विदर्भात खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, तूर क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकावी लागली. ऑगस्टमध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली, ऐन तिकडच्या सुगीत. करारातल्या मालाला सूट असूनही मोझांबिकच्या गावांत भाव कोसळला, कारण व्यापारी धास्तावून खरेदीतून बाजूला झाले.

आयात मोकळी सोडली तर लातूरचा शेतकरी मरतो आणि अचानक बंद केली तर झांबेझियातला. हा पेच कोणत्याही करारातून पूर्ण सुटणारा नाही. पण तिकडची पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते आणि आपली जून-जुलैत. त्या त्या पेरणीच्या महिनाभर आधी पुढच्या हंगामाचं आयात धोरण जाहीर करून ते माल निघेपर्यंत न बदलणं, एवढं दिल्लीच्या हातात नक्की आहे. लातूरवालाही गेली कित्येक वर्षं तेवढंच मागतोय.